एक टाप, दोन घोडे

पूर्व बॉस्नियातल्या व्हिशेग्राड गावात, द्रिना नदीच्या काठच्या खडकात गोल गोल खळगे आहेत. एखाद्या अवाढव्य घोड्याच्या टापा उमटाव्यात तसे. इवो आन्द्रिचच्या 'द ब्रिज ऑन द द्रिना' या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ते भेटतात. गावातली पोरं तिथे मासे धरतात आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यात छोटे मासे सोडून ठेवतात. सर्ब पोरांना पक्कं ठाऊक असतं, की या टापा राजपुत्र मार्कोच्या घोड्याच्या. मुस्लीम पोरांना तितकंच पक्कं ठाऊक असतं, की त्या जेर्झेलेझ अलियाच्या पंखवाल्या घोडीच्या. यावरून त्यांची भांडणं मात्र होत नाहीत. आपलं खरं आहे याबद्दल दोघंही इतके निर्धास्त, की समोरच्याला पटवायची गरजच वाटत नाही.

मला ही जागा सबंध कादंबरीची किल्ली वाटते. पण ज्यांनी या पुस्तकाचा आधार घेऊन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एकमेकांवर आरोप केले, स्मारकं बांधली, पुतळे फोडले, त्यांनी नेमकी हीच जागा ओलांडून पुढचं पान गाठलेलं दिसतं. पुढच्या पानांवर रक्त आहे.

या गावाकडे माझं लक्ष गेलं ते २०१९ साली. त्या ऑक्टोबरात साहित्याचं नोबेल पीटर हांडकेला जाहीर झालं आणि चारच दिवसांनी जर्मन बुक प्राइझ साशा स्टानिशिचला मिळालं. स्टानिशिच मूळचा व्हिशेग्राडचा. आई बॉस्नियाक, म्हणजे बॉस्नियन मुस्लीम, आणि वडील सर्ब. १९९२ साली चौदाव्या वर्षी तो तिथून पळाला. पुरस्कार घेताना त्याने भाषणाचा मोठा भाग हांडकेवर खर्च केला. हांडकेने १९९६ साली या गावावर लिहिलं होतं. तिथल्या कत्तलींच्या बातम्यांबद्दल शंका घेत लिहिलं होतं. स्टानिशिचचं म्हणणं साधं होतं: ज्यातून मी वाचलो ते या माणसाच्या पुस्तकात नाही. आन्द्रिचला १९६१ साली नोबेल मिळालेलं. म्हणजे एका छोट्या गावाभोवती दोन नोबेल, आणि दोन्हींवरून वाद. मग मी एकेक करून वाचत आणि बघत गेलो.

आधी जे झालं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढची साहित्यचर्चा म्हणजे नुसती हवा. १९९१ च्या जनगणनेत व्हिशेग्राड तालुक्यात सुमारे ६३ टक्के लोक बॉस्नियाक होते, सर्ब त्याच्या निम्म्याच्या आसपास. १९९२ च्या वसंतात युद्ध आलं. मिलान लुकिच नावाच्या स्थानिक सर्ब तरुणाच्या टोळीने त्या उन्हाळ्यात जे केलं, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या निकालपत्रात तपशीलवार नोंदलेलं आहे. १४ जूनला पियोनिर्स्का रस्त्यावरच्या एका घरात आणि २७ जूनला बिकावात्समधल्या दुसऱ्या घरात बायका-मुलं-म्हाताऱ्यांना कोंडून आग लावण्यात आली. लुकिचला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१२ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. पुलावर माणसं मारून नदीत टाकली जात होती. 'विलिना व्लास' या स्पा हॉटेलात स्त्रियांना डांबून त्यांच्यावर बलात्कार झाले. लुकिचवरच्या आरोपपत्रात बलात्काराचा गुन्हा आलाच नाही, ही त्या खटल्यातली सगळ्यात बोचणारी उणीव. २०१३ च्या जनगणनेत तालुक्यातल्या बॉस्नियाकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उरलं.

हे सगळे एकमेकांची भाषा बोलणारे लोक, हे विसरू नये. शेजाऱ्याला तिथे 'कोमशिया' म्हणतात आणि शेजारधर्माला 'कोमशिलुक'. आन्द्रिच मूळ भाषेत व्हिशेग्राडला 'कसबा' म्हणतो. तोच आपला कसबा. तुर्की-अरबी वाटेने तिकडे पोचलेला, फारसीच्या वाटेने इकडे आलेला. शत्रूला 'दुश्मन'च म्हणतात. इंग्रजी भाषांतर वाचताना हे सगळं 'टाउन' वगैरे होऊन सपाट होतं. मला मात्र कसबा म्हटल्यावर ते गाव एकदम जवळ आलं.

आता कादंबरी. सोळाव्या शतकात एका सर्ब खेड्यातून 'रक्ताचा कर' म्हणून उचलून नेलेला मुलगा पुढे ऑटोमन साम्राज्याचा वजीर होतो, मेहमेद पाशा सोकोलोविच. आईपासून तुटला त्या नदीकाठी तो पूल बांधवतो. १५७१ ते १५७७ मध्ये बांधलेला, मिमार सिनानचा, अकरा कमानींचा हा पूल आजही उभा आहे, आता युनेस्कोच्या यादीत आहे. कादंबरी त्या मुलापासून १९१४ पर्यंत साडेतीन-चारशे वर्षांची. नायक कोणी माणूस नाही, पूलच.

तिसऱ्या प्रकरणात रादिसाव नावाचा सर्ब शेतकरी रात्री चोरून बांधकाम मोडतो. तो पकडला जातो आणि त्याला जिवंत सुळावर चढवलं जातं. आन्द्रिच हे इतक्या शांतपणे, इतक्या कारागिरी तपशिलाने लिहितो, की सुळाला चरबी कशी लावली, हातोडीचा ठोका किती हलक्या हाताने मारायचा, हे वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागतं. पुस्तक वाचलेल्या कुणालाही विचारा, त्याला हेच आठवतं. इथेच दोन वाचनं फुटतात.

एक वाचन म्हणतं: बघा, तुर्कांनी आमच्यावर काय केलं. आणि 'तुर्क' हा शब्द तिकडे ऑटोमन राज्यकर्त्यांसाठी वापरतात, आणि शेजारच्या मुस्लीम कोमशियासाठीही. कादंबरीतही पात्रं असंच बोलतात. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीचा सूळ आणि पलीकडच्या गल्लीतला दुकानदार यांच्यात एक सरळ रेघ ओढता येते. दुसरं वाचन म्हणतं: ही रेघ आन्द्रिचनेच ओढून दिली. बॉस्नियाक समीक्षक मुहसिन रिझविच यांनी नव्वदच्या दशकात आन्द्रिचच्या जगातल्या बॉस्नियन मुस्लिमांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. सारांश असा, की आन्द्रिचला मुस्लीम माणूस दिसतो तो क्रूर किंवा मंद किंवा कालबाह्य. आन्द्रिचने १९२४ साली ग्राट्सला सादर केलेला प्रबंध, ज्यात ऑटोमन काळाचा बॉस्नियाच्या आत्मिक जीवनावरचा परिणाम जवळजवळ सगळाच वाईट ठरवला आहे, तोही या बाजूने पुरावा म्हणून येतो. १९९१ मध्ये, युद्धाच्या आधीच, एका स्थानिक मुस्लीम माणसाने व्हिशेग्राडमधला आन्द्रिचचा पुतळा हातोड्याने फोडून द्रिनेत टाकला. समीक्षेची ही पद्धत मला मंजूर नाही, पण तिच्यामागे एक वाचन होतं हे नाकारता येत नाही.

माझं मत सांगतो. रिझविच यांचा आक्षेप निम्मा बरोबर आहे. कादंबरीत सर्वांत लांबवलेलं दुःख सर्ब देहाचं आहे. हा तोल लेखकाने निवडला आहे. पण उरलेला निम्मा भाग त्यांनी बाजूला ठेवला, असं मला वाटतं. कादंबरीचा शेवट कुणाबरोबर होतो? अलिहोजाबरोबर. हा एक मुस्लीम दुकानदार, हेकट, आपल्या मताचा. १८७८ मध्ये ऑस्ट्रियन सैन्य येतं तेव्हा हा म्हणतो, लढण्यात अर्थ नाही. म्हणून त्याच्याच धर्माचा एक जहाल पुढारी त्याचा कान खिळ्याने पुलावर ठोकवतो. १९१४ मध्ये पुलाचा खांब सुरुंगाने उडतो, तेव्हा घराकडे चढणीवरून जाताना हाच म्हातारा कोसळून मरतो. पुलावर सगळ्यात जास्त जीव या माणसाचा आहे. सुळाच्या पानावर पुस्तक मिटणाऱ्याला हा कान कधी दिसत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रादिसावचं पुढे काय होतं ते. नदीच्या डाव्या काठावर मातीचा एक उंचवटा आहे. सर्ब लोक म्हणतात तिथे रादिसाव पुरला आहे. मुस्लीम लोक म्हणतात, छे, तिथे शेख तुरहानिया नावाचा दर्वेश शहीद होऊन पडला आहे. हे आन्द्रिच पहिल्या प्रकरणात सांगतो, सुळाचा प्रसंग येण्याआधी. म्हणजे वाचकाला तो आधीच बजावतो: आता जे सांगणार आहे ते एका बाजूच्या उंचवट्याचं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळे बदल केले की मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो, आणि कुणीतरी बसून एक ओळ ठेवून दुसरी उडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आन्द्रिचचा कसबा तो कॉन्फ्लिक्ट तसाच ठेवून शतकानुशतकं चालत राहतो. हे फार मोठं सौहार्द आहे असं मी म्हणत नाही. एकमेकांच्या कथेत रस नसणं आणि एकमेकांचा आदर असणं यांत फरक आहे. पण त्या उंचवट्याच्या मातीत काय आहे ते खणून बघायला कुणी कुदळ आणली नाही, एवढं खरं.

हे पुस्तक कधी लिहिलं गेलं, याचा विचार दोन्ही वाचनांत क्वचितच होतो. आन्द्रिच १९४१ पर्यंत बर्लिनमध्ये युगोस्लाव्हियाचा राजदूत होता. मग तो जर्मनांनी व्यापलेल्या बेलग्रेडमध्ये एका भाड्याच्या खोलीत बसून राहिला. जुलै १९४२ ते डिसेंबर १९४३ मध्ये त्याने हे लिहून काढलं. त्याच १९४२ च्या वसंतात, व्हिशेग्राडजवळ द्रिनेच्या काठी स्तारी ब्रोद इथे, क्रोएशियन उस्ताशांनी सर्ब निर्वासितांची मोठी कत्तल केली होती. आणि त्याच युद्धात सर्ब चेतनिकांनी पूर्व बॉस्नियातल्या मुस्लीम वस्त्या कापून काढल्या. म्हणजे आन्द्रिच चारशे वर्षांपूर्वीची द्रिना लिहीत होता, तेव्हा खरीखुरी द्रिना दोन्ही बाजूंची प्रेतं वाहत होती. १९१४ ला थांबलेली ही कादंबरी मला १९४२ चीच वाटते.

स्तारी ब्रोदला २०१९ मध्ये स्मारक-संकुल उभं राहिलं. तिथे झालेलं दुःख खोटं नाही. १९९२ ला ते उत्तर म्हणून पुढे केलं जातं तेव्हा मात्र माझा त्याच्याशी झगडा आहे. सत्तेचाळीस साली हे, ब्याण्णव साली ते, असा हिशेब आपल्यालाही अनोळखी नाही. पियोनिर्स्का रस्त्यावरच्या घरातल्या कुठल्याही मुलाने १९४२ मध्ये काहीही केलेलं नव्हतं.

आन्द्रिचचं सगळ्यात मोठं स्मारक उभारलं ते सिनेदिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा याने. पुलापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, र्झाव नदी द्रिनेला मिळते त्या टोकावर, 'आन्द्रिचग्राड' नावाचं आख्खं दगडी गाव. काम सुरू झालं २८ जून २०११ ला, उद्घाटन २८ जून २०१४ ला. ही तारीख म्हणजे सर्बांचा विदोव्दान, आणि सारायेव्होच्या हत्येची शंभरी. कादंबरीवर चित्रपट काढायचा आणि हे गाव सेट म्हणून वापरायचं, असं आधी सांगितलं जात होतं. चित्रपट आला नाही, सेट मात्र राहिला. तिथल्या मल्टिप्लेक्सच्या दर्शनी भागावर मोझेकची भित्तिचित्रं आहेत. एकात गाव्रिलो प्रिन्सिप आणि त्याचे साथीदार, दुसऱ्यात रस्सीखेच खेळणारी मंडळी, ज्यांत खुद्द कुस्तुरित्सा आणि सर्ब प्रजासत्ताकाचे नेते मिलोराद दोदिक. साहित्याचं वाचन म्हणून हे गाव मला गरीब वाटतं. फोटोंत ते छान दिसतं, स्वच्छ दिसतं. आन्द्रिचच्या कसब्यात चिखल आहे, पूर आहे, जुगार आहे, पुलावर बसून एकमेकांच्या कुचाळक्या करणारे तीन धर्मांचे रिकामटेकडे आहेत, आणि लोत्तिका नावाची ज्यू हॉटेलवाली आहे, जिच्यावर अख्ख्या पुस्तकात मी सगळ्यात जास्त जीव लावला. कादंबरीत सगळे भांडत-चिकटत राहतात. आन्द्रिचग्राडमध्ये भांडायला दुसरं कुणी शिल्लकच नाही.

आन्द्रिचची आणखी एक गोष्ट या वादात सतत येते: 'पत्र, १९२०'. १९४६ साली छापलेली छोटी कथा. माक्स लेवेनफेल्ड नावाचा डॉक्टर मित्राला पत्र लिहितो की मी बॉस्निया सोडतोय, कारण हा द्वेषाचा देश आहे. पत्रात सारायेव्होच्या रात्रीचं वर्णन आहे. आधी कॅथलिक कॅथीड्रलचं घड्याळ दोन वाजवतं. मिनिटभराहून थोड्या जास्त वेळाने ऑर्थोडॉक्स चर्चचं घड्याळ त्याचे दोन टोले देतं. मग मशिदीजवळचं सहात-कुला अकरा वाजवतं, कारण ते तुर्की वेळ पाळतं. ज्यूंचं घड्याळच नाही. रोज वेगवेगळ्या देशांतल्या सर्व्हरच्या वेळा यूटीसीत बदलत बसणाऱ्या माणसाला यात पहिल्यांदा विनोदच दिसतो. पण लेवेनफेल्डला त्यात झोपलेल्या माणसांमधली दरी ऐकू येते.

युद्धाच्या काळात 'इथे द्वेष मुरलेलाच आहे, बाहेरच्यांनी पडू नये' हे सांगायला या कथेचा भरपूर वापर झाला. वापरणाऱ्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला नसावा. बॉस्नियातल्या द्वेषाला घाबरून पळालेला लेवेनफेल्ड पॅरिसला डॉक्टर होतो, गरिबांना फुकट तपासतो, मग स्पेनच्या यादवी युद्धात स्वयंसेवक म्हणून जातो. १९३८ मध्ये तिथल्या एका छोट्या गावात, हॉस्पिटलवर विमानातून बॉम्ब पडतात आणि तो मरतो. पत्र लिहिणारा माणूस जे म्हणतो त्याला कथाच शेवटी उलटून टाकते. पात्राचं वाक्य लेखकाच्या नावावर खपवणं ही सोशल मीडियाची सवय आहे असं आपण म्हणतो. ती खूप जुनी आहे.

यास्मिला ज्बानिचचा २०१३ चा चित्रपट 'फॉर दोज हू कॅन टेल नो टेल्स' याच गावात घडतो. किम व्हरको ही ऑस्ट्रेलियन नाट्यकर्मी त्यात स्वतःचीच भूमिका करते. ती खरंच पर्यटक म्हणून व्हिशेग्राडला गेली होती आणि प्रवासाच्या पुस्तकातली शिफारस वाचून विलिना व्लासमध्ये राहिली होती. युद्धानंतर ते परत हॉटेल म्हणून सुरू झालेलं. तिथे काय झालं ते तिला सिडनीला परतल्यावर कळलं. मग ती हिवाळ्यात पुन्हा जाते. ज्या पलंगावर आपण झोपलो तो पलंग कुठला, हा प्रश्न चित्रपट सोडत नाही. ही त्याची ताकद आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे: गावातली सर्ब माणसं बहुतेक वेळा बंद दारासारखी दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला रात्री झोप लागत नसेल का, हे आपल्याला कळत नाही. बाहेरची बाई नजर देऊ शकते, शेजारी देऊ शकत नाही. तरी आन्द्रिचग्राड आणि हा चित्रपट यांत निवड करायची तर मला विचार करावा लागत नाही. चित्रपट न दिसणारी गोष्ट दाखवतो आणि ते गाव दिसणारी गोष्ट झाकतं.

झाकण्याचा अगदी शब्दशः प्रकार जानेवारी २०१४ मध्ये झाला. स्त्राझिश्ते कब्रस्तानात १९९२ च्या बळींचं एक दगडी स्मारक आहे. त्यावर 'व्हिशेग्राडमधल्या वंशसंहाराचे बळी' अशा अर्थाचा मजकूर होता. स्थानिक प्रशासनाने पोलीस बंदोबस्तात ग्राइंडर लावून 'वंशसंहार' एवढा शब्द खरवडून काढला. नंतर काही स्त्रियांनी तिथे जाऊन तो शब्द लिपस्टिकने पुन्हा लिहिला. कायद्याच्या अंगाने प्रशासनाकडे एक मुद्दा होता: हेगच्या न्यायाधिकरणाने बॉस्नियात वंशसंहार सिद्ध धरला तो १९९५ च्या स्रेब्रेनित्सापुरता. व्हिशेग्राडमधल्या शिक्षा मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांसाठी झाल्या. कुठल्या कत्तलीला कुठला शब्द, यावर न्यायालयात, विद्यापीठात वाद घालता येतो आणि घालावा. पण कबरींमध्ये ग्राइंडर घेऊन जाणारा माणूस कायद्याची व्याख्या दुरुस्त करायला जात नसतो.

आपल्या वयाच्या लोकांमध्ये एक समजूतदार पवित्रा असतो, की प्रत्येकाची आपापली आठवण, सगळ्या खऱ्या, आपण कोण ठरवणार. टापांच्या खळग्यांपाशी मला हा पवित्रा चालतो. तिथे दोन्ही घोडे काल्पनिक आहेत आणि दोन्हीकडची पोरं तिथेच मासे धरताहेत. स्त्राझिश्तेला मात्र एकीकडे यंत्र, पोलीस आणि सहीशिक्क्याचा आदेश आहे आणि दुसरीकडे लिपस्टिक. यांना दोन आठवणी म्हणणं मला जमत नाही. बॉस्नियाक संघटना व्हिशेग्राडच्या बळींसाठी दर वर्षी पुलावरून द्रिनेत तीन हजार गुलाब सोडतात. यातल्या बहुतेकांना आता त्या गावात घर नाही. ते बसने येतात, गुलाब सोडतात आणि परत जातात.

राहिला स्टानिशिच. त्याची पहिली कादंबरी 'हाउ द सोल्जर रिपेअर्स द ग्रामोफोन', मूळ जर्मन, २००६ ची. आलेक्सांदर हा व्हिशेग्राडचा मुलगा. १९९१ मध्ये कार्ल लुईस शंभर मीटरचा विक्रम मोडतो तेवढ्या वेळात त्याचे आजोबा हृदयविकाराने जातात. आजोबांना दिलेलं वचन: गोष्टी सांगणं थांबवायचं नाही. आणि हा मुलगा चित्रं काढतो ती सगळी अपूर्ण वस्तूंची. काहीही संपायला नको, म्हणून. पुस्तकही तसंच आहे, अघळपघळ, मध्येच सुटणारं, कधी कधी जरा जास्तच गोड. पहिल्या शंभर पानांत मला दोनदा कंटाळा आला. आन्द्रिचची शिस्त त्यात नाही. पण आन्द्रिचला जे करावं लागलं नाही ते या लेखकाला करावं लागलं. आन्द्रिच मेलेल्यांबद्दल लिहीत होता. याला जिवंत राहिलेल्यांचा पत्ता हवा होता. इमारतीच्या तळघरात, वरच्या मजल्यावर सैनिक असताना, आलेक्सांदरला एक मुलगी भेटलेली असते, असिया. तिचं आडनावही त्याला खात्रीने माहीत नसतं. दहा वर्षांनी, जर्मनीत मोठा झालेला हा मुलगा सारायेव्होतले फोन नंबर एकामागून एक फिरवतो आणि उचलणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, असिया आहे का.